दशांश मिलिमीटरचा कार्बन

सिग्नलला गाडी उभी असते, एसीचा कॉम्प्रेसर लागतो, इंजिन थरथरते, आरपीएमचा काटा खाली झुकतो आणि गाडी बंद पडते. मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्कमधल्या जुन्या पेट्रोल गाडीवाल्याला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. स्टेशनपर्यंत जायचे आणि परतायचे, हायवेला लागायचे तर काशिमीऱ्याला थांबायचे, पुढे दहिसर नाक्यावर पुन्हा रांग. इंजिन धावते कमी, उभे राहते जास्त.

आमच्या गाडीला हे सुरू झाले तेव्हा सोसायटीत जो तो म्हणाला, मेट्रोची धूळ. मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रो ९ चे खांब उभे राहताना आम्ही सगळ्यांनीच ती धूळ खाल्ली आहे, त्यामुळे संशय स्वाभाविक होता. पण धूळ फिल्टरपाशी थांबते. एअर फिल्टरचा डबा उघडला की घड्यांमध्ये करडी भुकटी बसलेली दिसते. त्यापुढची नळी काढून थ्रॉटलच्या झडपेवर टॉर्च मारला तर तिथे काळा, तेलकट, बोटाला चिकटणारा थर असतो. तो रस्त्यावरून आलेला नाही, इंजिनानेच सोडलेला आहे. पिस्टनच्या रिंगांमधून निसटून काही वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात आणि ऑइलची वाफ घेऊन नळीवाटे पुन्हा आत ओढले जातात. ही रचना मुद्दाम केलेली असते, नाहीतर ती वाफ थेट हवेत गेली असती. तापलेले इंजिन बंद केले की उरलेली वाफ ब्रीदरच्या नळीतून वर येते आणि थंड होत झडपेच्या काठावर धरते. छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइल पुरते तापत नाही, त्यातले पाणी आणि पेट्रोलचे अंश उडून जात नाहीत, म्हणून हा थर आणखी लवकर वाढतो.

एवढ्याशा थराने गाडी बंद पडावी हे पटत नाही. म्हणून हिशेब करून पाहावा. थ्रॉटलच्या नळीचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे १५७ मिलिमीटर होतो. काठाभोवती दशांश मिलिमीटरचा थर बसला तर जवळजवळ १६ चौरस मिलिमीटर वाट बुजली. आयडलिंगला छोट्या इंजिनाला श्वास घ्यायला लागणारी फट साधारण याच मापाची असते. केसाच्या जाडीचा कार्बन आणि इंजिनाची सगळी हवा, दोन्ही एकाच मापात येतात.

जुन्या गाड्यांमध्ये पॅडलपासून झडपेपर्यंत तारेची केबल असे. पाय दाबला, झडप उघडली. बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या गाडीत ही केबल काढून मोटर बसवली. पुढे प्रदूषणाचे नियम आवळत गेले आणि छोट्या गाड्यांमध्येही तेच आले. मुंबईसह १३ शहरांत एप्रिल २०१० पासून बीएस-४ लागू झाले आणि एप्रिल २०१३ पासून बिघाड नोंदवणारे ओबीडी-२ आले. आता आपला पाय फक्त मागणी नोंदवतो. झडप किती उघडायची ते इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो.

घरी झडप साफ करणाऱ्याने हीच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कार्बन वाढतो तसा ईसीयू झडप किंचित जास्त उघडतो आणि ती नवी जागा लक्षात ठेवतो. चालकाला महिनोन् महिने काही कळत नाही. भरपाईची मर्यादा संपली की दुखणे एकदम बाहेर पडते. म्हणून क्लीनरचा स्प्रे हातात घेण्याआधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावावा, इंजिन पूर्ण तापू द्यावे, एसी बंद ठेवून आकडे लिहून घ्यावेत. आमच्या गाडीत आयडलिंगला झडप १८ टक्क्यांच्या पुढे दिसत होती आणि आरपीएम सातशेच्या खाली डुलत होते. फॉल्ट कोड एकही नव्हता. वायरिंग ठीक आणि वाट बुजलेली, असा त्याचा अर्थ मी लावला.

इंजिन थंड झाल्यावर इमारतीखालच्या पार्किंगमधून गाडी मोकळ्या हवेत घेतली, कारण थ्रॉटल क्लीनर भडकन पेटतो. किल्ली खिशात टाकली आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार उतरवली. हे टाळू नये. झडपेची मोटर चालू असताना आत बोट घालणे धोक्याचे आहे, कारण बोट आणि हवा यांतला फरक मोटरला कळत नाही. नळीची क्लिप सैल केली, नळी बाजूला घेतली. क्लीनर थेट आत मारला नाही, कापडावर मारला. आत मारला तर तो दांड्याच्या बेअरिंगवाटे सेन्सर आणि मोटरपर्यंत उतरू शकतो. कार्ब्युरेटरचा जहाल क्लीनर तर वापरूच नये, काही थ्रॉटलच्या आतल्या भिंतीला लेप असतो आणि तो निघून जातो. हवा मोजणाऱ्या सेन्सरला हाच स्प्रे लावणेही तितकेच वाईट.

झडप अंगठ्याने अगदी हळू, लागेल तेवढीच उघडली. हाताला जो विरोध जाणवतो तो स्प्रिंगचा आणि मोटरच्या प्लॅस्टिकच्या दात्यांचा असतो. हिसका दिला तर दाते तुटतात. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हाताने झडप उघडायला मनाई आहे, तिथे हे काम वर्कशॉपवर सोडावे. खरा कार्बन झडपेच्या तोंडावर नसतो, काठावर आणि काठ टेकतो त्या रेषेवर असतो. तोंड चकचकीत करून समाधान मानणारे बरेच असतात. कापडाची घडी त्या रेषेवरून फिरवत राहायची, कापड काळे होणे थांबेपर्यंत.

जोडणी करून गाडी सुरू केली तर आरपीएम बाराशेच्या आसपास. इथे लोक घाबरतात आणि काहीतरी मोडले असे समजतात. मोडलेले काही नसते. वाट मोकळी झाली, पण ईसीयू अजून जुन्या जागेवरच झडप धरून आहे. त्याला नवी जागा शिकवावी लागते. काही गाड्यांमध्ये किल्ली ठरावीक क्रमाने चालू-बंद करून ते होते, काहींना स्कॅनरच लागतो, काही थोडा वेळ आयडलिंगला ठेवल्यावर स्वतःच शिकतात. आपल्या गाडीचे मॅन्युअल पाहावे. आमची हळूहळू खाली आली, एसी लावल्यावर काटा जागचा हलला नाही, आणि झडप १४ टक्क्यांवर स्थिरावली. काम झाल्याचा पुरावा तो आकडा. चकाकी नव्हे.

हे पाहून तळमजल्यावरचे काका स्प्रेचा डबाच घेऊन आले. त्यांची गाडी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला एकाएकी मेली होती. पाय दाबला तरी वेग नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला.

“काका, आधी कोड बघू. डबा उघडू नका,” मी म्हटले.

कोड होता पी२१३५. झडपेची जागा सांगणारे दोन सेन्सर असतात आणि त्यांचे एकमेकांशी जुळत नव्हते, असा त्याचा अर्थ. कार्बन पुसून हे जाणार नव्हते. दोन सेन्सर ठेवतात ते याचसाठी, की एक खोटे बोलू लागला तर ईसीयूला कळावे आणि त्याने गाडीची ताकद काढून घ्यावी. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी अमेरिकेत झाल्या तेव्हा हीच यंत्रणा नासाच्या अभियंत्यांनी तपासली. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांना तसा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण बिघडलेल्या एका पॅडल सेन्सरमध्ये कथलाचे केसासारखे तंतू वाढलेले आढळले. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने सॉफ्टवेअरतज्ज्ञांच्या साक्षी ऐकून कंपनीला जबाबदार धरले. वाद तिथे संपला नाही, पण दोन साक्षीदार का हवेत हे त्यातून उमगते.

काकांच्या गाडीत एका सेन्सरचा व्होल्टेज पाय दाबला की चढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच उतरतो, म्हणजे बेरीज कायम पाच व्होल्टच्या जवळ राहायला हवी. सेन्सरच्या वायरचा कपलर लावलेला ठेवून मागच्या बाजूने मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या. काका पॅडल सावकाश दाबत होते, मी वायर हलवत होतो. बेरीज मध्येच कोसळायची. कपलर उतरवला तर एका पिनेवर हिरवट कळंक चढलेला. खाडी आणि मिठागरांच्या मधे वसलेल्या या गावात तांब्या-पितळेला असे होणे नवीन नाही. काँटॅक्ट क्लीनरने पिन साफ केली, सैल झालेली तिची पकड आवळली, कपलर खट् आवाज होईपर्यंत बसवला. आता वायर हलवली तरी बेरीज ढळेना. कोड पुसला, काका घोडबंदरला जाऊन आले, तो परत आला नाही.

“आता तो स्प्रे मारून टाकू का?” त्यांनी विचारले. त्यांच्या झडपेवरही काळा थर होताच. पण आयडलिंगचे आकडे ठीक होते, त्यामुळे आम्ही नळी परत लावली.