गुन्हेगार कोण, हे मोजणार कोण?

१८९२ साली मेम्फिसमध्ये जमावाने तीन काळ्या माणसांना तुरुंगातून ओढून काढलं आणि गोळ्या घातल्या. त्यांतला एक पत्रकार आयडा बी. वेल्स यांचा मित्र होता. अशा झुंडबळींचं तेव्हा एकच समर्थन केलं जाई: बलात्काऱ्याला धडा शिकवला. वेल्सबाईंनी ठिकठिकाणी जाऊन चौकशी केली. १८९५च्या 'द रेड रेकॉर्ड'साठी त्यांनी गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'मधले आकडे घेतले, त्यामुळे ते खोटे म्हणायची सोयच उरली नाही. बहुतेक बळींवर बलात्काराचा आरोपसुद्धा नव्हता.

मी सुरतेत फौजदारी वकिली करतो. माझे बरेच अशील उधना-लिंबायतचे, खानदेशातून पोटासाठी आलेले. जामीनअर्जाला पोलिसांचं प्रतिज्ञापत्र येतं, त्यात 'आरोपी गुन्हेगारी प्रवृत्तीचा आहे' हे वाक्य ठरलेलं. एका पारध्याच्या पोराविरुद्ध त्या वाक्याखेरीज जवळजवळ काहीच नव्हतं. फार चीड येते अशा वेळी.

या प्रवृत्तीच्या सिद्धांताला डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी फार पूर्वी उत्तर दिलं आहे. १८९६त ते फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहायला गेले आणि दारोदार फिरून तिथल्या काळ्या कुटुंबांची माहिती त्यांनी स्वतः टिपून घेतली. १८९९च्या ग्रंथात त्यांनी गुन्हे झाकले नाहीत; तुरुंगाच्या नोंदी मांडल्याच. पण शेजारी खोलीभाडं, मजुरी, काळ्यांना काम नाकारणारे धंदे हेही मांडलं. पुढे १९०१त त्यांनी दक्षिणेतल्या भाड्याच्या कैद्यांवर लिहिलं. गुलामी संपल्यावर सरकारं कैदी खाणमालकांना भाड्याने देत. मजूर हवेत म्हणून किरकोळ गुन्ह्यालाही लांब सजा.

याच डुबॉइसना १९४६त बाबासाहेबांनी पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

आपल्याकडे १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२त गेला, या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या; संशय राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', बेळगावकडच्या भीमराव गस्तींचं 'बेरड' आपण आत्मकथनं म्हणून कपाटात लावतो. मला विचाराल तर ती गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक्रमात हवीत. चोरी कुठे का झाली असेना, पोलीस आधी कोणाच्या वस्तीत शिरतात, हे तिथे आतून कळतं.

३ ऑक्टोबर २०२४ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. त्या निकालाची प्रत मी आता अशा प्रत्येक जामीनअर्जाला जोडतो.