सर्व्हिस पार्कमधली पंचेचाळीस मिनिटं

रॅलीची गाडी लाल सिग्नलला थांबलेली पहिल्यांदा दिसते तेव्हा पाहणारा चक्रावतो. अंगभर स्टिकर, मागे छतावर भलामोठा पंख, काचेपर्यंत चिखल. आणि तरी नंबर प्लेट लावून, इंडिकेटर देऊन एखाद्या टेम्पोच्या मागे मुकाट उभी. घड्याळाशी झुंज असते ती स्टेजवर, म्हणजे वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर. एका स्टेजवरून दुसरीकडे जायचं ते मात्र चालू रस्त्याने, रहदारीचे सगळे नियम पाळून. सर्किटवरच्या गाडीला यातलं काहीच करावं लागत नाही.

फोक्सवॅगन पोलो महाराष्ट्राला चांगली ओळखीची. पुण्याजवळ चाकणला 2009 पासून 2022 पर्यंत ती बनत होती. साधी 1.2 लिटर पेट्रोल पोलो 75 अश्वशक्तीची. त्याच पिढीच्या तीन दारांच्या युरोपीय पोलोवरून जागतिक रॅली अजिंक्यपदासाठी तयार झाली ती पोलो आर डब्ल्यूआरसी: 1.6 लिटर टर्बो, 318 अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, शून्य ते शंभर 3.9 सेकंदांत. मूळ पोलोची रुंदी 1682 मिलिमीटर, हिची 1820.

आकडे दिपवणारे असले, तरी खरी मेहनत पत्र्यात असते. सीट, गालिचा, आवाज अडवणारं अस्तर काढून गाडी आधी नागवी करतात. मग सांध्यांवर जादा वेल्डिंग होतं आणि पोलादी नळ्यांचा रोल केज थेट बॉडीला जोडला जातो. चालकाचा जीव तर त्याने वाचतोच, शिवाय बॉडी पिळवटत नाही; ती पिळवटली, तर कितीही महागडं सस्पेन्शन बसवा, चाक रस्ता धरत नाही. इंजिनाला श्वास मात्र मोजूनच मिळतो. या पोलोच्या टर्बोच्या तोंडाशी 33 मिलिमीटर भोकाची चकती होती आणि सगळी हवा तेवढ्यातूनच ओढावी लागे. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला तरी टर्बो फिरता राहावा म्हणून थोडं इंधन एक्झॉस्टमध्ये पेटवतात. वळणाआधी येणारा फटाक्यांसारखा आवाज तो हाच.

या खेळाचा प्राण मात्र सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या तळावर असतो. पोलोच्या काळात तिथे दुरुस्तीला सकाळी पंधरा मिनिटं, दुपारी तीस आणि संध्याकाळी पंचेचाळीस मिनिटं मिळायची. बाकी दिवसभर गाडीला हात लावायचा तो फक्त चालक आणि सहचालकाने, तेही गाडीत असलेल्या हत्यारांनी.

संध्याकाळी गाडी तंबूत शिरते. ती उचलली जाते, खाली स्टँड सरकतात, क्षणात चारही चाकं निघतात. ब्रेकच्या डिस्क अजून तापलेल्या असतात. पोटाखालचं संरक्षक कवच उतरलं की त्यावर साचलेली खडी खळखळत जमिनीवर पडते. स्ट्रट, हब, ब्रेक असा एकेक कोपरा आधीच जोडून ठेवलेला असतो. वाकलेला भाग सरळ करत कोणी बसत नाही, अख्खा कोपराच बदलतात. गडबड असते, पण आरडाओरडा नसतो. बाहेर पडायला उशीर झाला, तर प्रत्येक मिनिटाला दहा सेकंदांचा दंड. स्टेजवर एका सेकंदासाठी जीव पणाला लावणाऱ्या चालकाला ते दहा सेकंद फार महाग पडतात.

ऑगस्ट 2014 मध्ये ट्रियरच्या द्राक्षमळ्यांत झालेली जर्मन रॅली या कामाची किंमत दाखवून गेली. फोक्सवॅगनचं घरचं मैदान, आणि पोलो अजिंक्य वाटत होत्या. पोलोचा चालक सेबास्तियाँ ओजिए शुक्रवारी रस्त्याबाहेर गेला. गाडी दुरुस्त झाली, शनिवारी तो पुन्हा आदळला. दुसऱ्या पोलोत आघाडीवर असलेला यारी-मत्ती लात्वाला रविवारी मळ्यात घसरला. जिंकला तो ह्युंदाई आय20 चालवणारा थिएरी न्यूव्हिल, ज्याची गाडी सरावातच अनेक कोलांट्या खाऊन चेपली होती. मेकॅनिकांनी ती पुन्हा उभी केली आणि तिनेच ह्युंदाईला जागतिक रॅलीतला पहिला विजय दिला. त्या चषकावर मेकॅनिकांचा हक्क चालकाइतकाच होता.

एवढं होऊनही पोलोचा हिशेब जबरदस्त आहे: 2013 ते 2016 या चार वर्षांत 52 रॅल्या, 43 विजय, आणि चालकांचं व उत्पादकांचं अजिंक्यपद चारही वर्षी. 2017 च्या नव्या नियमांसाठी गाडी बनली होती, चाचण्याही सुरू होत्या. पण उत्सर्जन घोटाळ्याने पोळलेल्या कंपनीने नोव्हेंबर 2016 मध्ये माघार जाहीर केली आणि ती गाडी कारखान्याच्या संघाकडून एकाही रॅलीत उतरली नाही. पुढे खासगी संघांसाठी पोलो जीटीआय आर5 आली, 2018 च्या ऑक्टोबरमध्ये कातालुन्यात पहिल्यांदा धावली.

इकडे पाच दारांच्या, पुढच्याच दोन चाकांना जोर मिळणाऱ्या पोलो भारताच्या राष्ट्रीय रॅली स्पर्धेत धावल्या. त्यांच्यासाठी ना जागतिक संघाइतका मोठा तंबू, ना सुट्या भागांचे तेवढे ट्रक. पण केज, कवच आणि घड्याळाकडे डोळे लावून पाना फिरवणारे हात तिथेही लागतातच.