जुन्या दातांची साक्ष (लेखांक ६) : गोकाकचा गेंडा काय खात असे?

धारवाडचं नाव जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत पोचलं ते इथल्या खडकांमुळे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1880च्या दशकात या खडकांच्या गटाला ते नाव दिलं. पण अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या या खडकांत सस्तन प्राण्याचा दात शोधण्यात अर्थ नाही; तेव्हा पृथ्वीवर प्राणीच नव्हते. दात हवे असतील तर हुबळी-धारवाडहून उत्तरेला, मलप्रभा ओलांडून घटप्रभेच्या खोऱ्यात जायला हवं. तिथला नदीनाल्यांचा गाळ त्या मानाने अगदी अलीकडचा आहे.

याच फूट यांनी 1874 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. कवटीचे तुकडे आणि दात पाहून त्यांनी ही नवी जात ठरवली : ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. आज सबंध दक्षिण भारतात रानात गेंडा नाही.

गेंडा म्हटलं की आपल्याला काझीरंगा आठवतं. मग गोकाकलाही कधीकाळी तशीच दलदल असणार, असं वाटू लागतं. मला हा निष्कर्ष फार घाईचा वाटतो. आफ्रिकेतला पांढरा गेंडा मोकळ्या माळावर गवत चरतो, काळा गेंडा काटेरी झुडपं ओरबाडतो आणि सुमात्राचा गेंडा घनदाट जंगलात पाला खातो. नुसत्या ‘गेंडा’ या शब्दावरून परिसर कळत नाही. दाढेवरून मात्र बरंच कळतं.

गवताच्या पात्यांत सिलिकाचे बारीक कण असतात, वर जमिनीची धूळ. त्यामुळे चरणाऱ्या प्राण्याची दाढ लवकर झिजते आणि पिढ्यान् पिढ्या गवतावर जगलेल्या जातींत ती उंच होत जाते. एनॅमल कठीण, आतलं दंतद्रव्य मऊ. मऊ भाग आधी झिजतो आणि एनॅमलच्या कडा वर राहतात. जात्याला टाकी लावावी लागते. दाढ मात्र स्वतःच खरखरीत राहते. पाला खाणाऱ्यांच्या दाढा बहुधा ठेंगण्या असतात.

पण उंची सांगते ती पूर्वजांची सवय. त्या एका जनावराने काय खाल्लं, हे एनॅमलमधला कार्बन सांगतो. ज्वारी, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं हवेतला कार्बन एका रीतीने घेतात. झाडंझुडपं, भात, गहू दुसऱ्या रीतीने. पहिल्या रीतीच्या गवतांत जड कार्बनचं प्रमाण थोडं अधिक असतं. तो फरक खाणाऱ्याच्या दातात उतरतो आणि जवळजवळ निव्वळ खनिज असलेल्या एनॅमलमध्ये लाखो वर्षं टिकतो. पाकिस्तानातल्या शिवालिक थरांतल्या दातांवर जे क्वेड आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हेच काम केलं. सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी तिथे झाडंझुडपं हटून गवताळ माळ पसरले, हे त्या दातांतही दिसलं.

एनॅमल एकदम तयार होत नाही. वरून खाली ओळीने नमुने घेतले, तर त्यातल्या जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरून पावसाळा-उन्हाळ्याचा फेराही वाचता येतो. फूट यांच्या हाती ही साधनं नव्हती. आज एका दातातून काही मिलिग्रॅम पूड पुरते.