नोकरी, गिटार आणि महीनचे घोडे

एका बंगाली बँडच्या नावाचा उगम शोधत गेलं की वाट कोलकात्यातल्या बालीगंजच्या ट्रामरुळांपाशी येते. कवी जीवनानंद दास यांना १४ ऑक्टोबर १९५४ रोजी रासबिहारी ॲव्हेन्यूवर ट्रामने धडक दिली. आठ दिवसांनी ते गेले. त्यांच्या 'घोडा' कवितेतून १९७० च्या दशकात कोलकात्यातल्या सात जणांनी बँडसाठी नाव उचललं, 'महीनेर घोडागुलि', म्हणजे महीनचे घोडे.

हे सात जण भाऊ आणि मित्र. काही जण नोकरीपेशाचेही! म्होरके गौतम चट्टोपाध्याय पूर्वी औषधविक्री प्रतिनिधी, त्यांचे धाकटे भाऊ प्रदीप इंजिनीअर, रंजन घोषाल पुढे जाहिरात व्यवसायात. १९७७ ते १९७९ दरम्यान तीन तबकड्या निघाल्या, खप जेमतेम. १९८१ च्या सुमारास पोटापाण्यासाठी सगळे पांगले.

१९९५ मध्ये गौतम यांनी नव्या मुलांना घेऊन कॅसेट काढली, तेव्हा कुठे लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यातल्या एका गाण्याची चाल तुम्हालाही ठाऊक असेल: 'गँगस्टर' (२००६) मधलं 'भीगी भीगी' तिच्यावरच बेतलेलं आहे.