इंटर्नशिप? चला कोयत्याच्या गावाला!

सीव्हीवर काहीतरी हटके हवंय? मग एसी केबिन सोडा आणि चक्क बीड गाठा! दसरा-दिवाळी उलटली की इथली गावं रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेले हे कोयते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकात जातात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. पोरं सोबत गेली की निम्मं शालेय वर्ष गायब! मग हातात पुस्तकाऐवजी वाढ्यांची मोळी, नाहीतर कडेवर धाकटं भावंड. म्हणूनच गावोगावची हंगामी वसतिगृहं किंवा शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं ‘शांतिवन’ यांचं मोल मोठं. मुलं मागे राहतात, शाळा टिकते.

अशा ठिकाणी इंटर्नचं काम? ग्लॅमर शून्य! पाचवीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येतंय का बघायचं आणि तिथूनच सुरुवात करायची. संध्याकाळी अभ्यास घ्यायचा, आईशी मोबाइलवर बोलणं करून द्यायचं.

फक्त पंधरा दिवसांची ट्रिप नको, बॉस! आई-बाप लांब असलेल्या पोराला तुमचा लळा लागतो. मध्येच निघालात, तर त्याचं आणखी एक माणूस गेलं. तेव्हा संस्थेशी आधी बोला, आणि गेलात तर गाळप हंगाम संपून आई-बाप परतेपर्यंत थांबा.