आपला अर्ज कोणत्या गठ्ठ्यात आहे?

आम्ही नागापूरच्या बाया नगरला कचेरीत जातो तेव्हा एकच वाक्य ऐकतो, "तुमचा कागद सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या." निराधार योजनेचा अर्ज केलेल्या विधवा बाईला ती एक खेप म्हणजे एक रोज बुडाला आणि वर गाडीभाडं.

कागद सापडत का नाही, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात एका कलेक्टरांनी सोडवला होता. 1980 नंतरच्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी नवा कायदा आणला नाही. कारकून तेच, कपाटं तीच. बदलली ती कामाची रीत. जुन्या कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. अ वर्ग कायम जपायचा, ड वर्ग मुदत संपली की नष्ट करायचा. बसण्याची मांडणीही बदलली.

टेबलावरच्या कामाचे सहा गठ्ठे ठरले. एकात आज करायची कामं, दुसऱ्यात कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, चौथ्यात कायमचे आदेश, पाचव्यात रेकॉर्ड रूमला जाणारे आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. यालाच लोक लखिना पॅटर्न म्हणू लागले. पुढे तो राज्यभरच्या कचेऱ्यांत गेला.

यात आपल्या कामाचं काय? साहेब बदलून जातात. मग रीत टिकते ती दोघांमुळे: ती पाळणारा कारकून आणि विचारणारी बाई. म्हणून "काम कधी होणार?" एवढ्यावर थांबू नका. विचारा, "भाऊसाहेब, अर्ज तुमच्याकडे आहे की कुणाच्या उत्तरासाठी थांबलाय? कुणाच्या?" म्हणजे पुढची खेप नेमक्या टेबलापाशी होते.

कायदाही पाठीशी आहे. 2005 च्या दफ्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरवून दिलेल्या सेवा मुदतीत मिळाल्या नाहीत, तर 30 दिवसांच्या आत त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे अपील करता येतं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

पण या सगळ्याला पुरावा लागतो. अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच घ्या. बचत गटाच्या वहीत शेवटचं एक पान राखा: कुणाचा अर्ज, कुठे दिला, कोणत्या तारखेला, आता कुणाकडे आहे. दर मासिक बैठकीत ते पान वाचा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं. वही घेऊन आलेल्या पाचजणींना उत्तर द्यावंच लागतं.