‘एकच प्याला’: दारूचें नाटक कीं मानी मनाचें?

वाटसरूच्या अंगावर भिंत कोसळली तर ती दुःखद घटना खरी. परंतु तिला शोकांतिका म्हणतां येत नाहीं. ॲरिस्टॉटलच्या मतें शोकांतिकेचा नायक सर्वथा निर्दोष नसावा, तसाच दुष्टहि नसावा. हातून घडलेल्या एखाद्या प्रमादामुळें त्याचा अधःपात व्हावा. पुढील टीकाकारांनीं या प्रमादाचें मूळ नायकाच्या स्वभावांत शोधलें. असा स्वभावदोष कथानक कसा चालवितो, हें राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांत उत्तम दिसतें. १९१९ च्या जानेवारींत सावनेर येथें गडकरी वारले आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें.

बल्लारपूरच्या परिसरांत हें नाटक सहजच दारूनिषेधाचें म्हणून पाहिलें जाईल. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. दारूनें उद्ध्वस्त झालेलें घर येथें कोणास सांगावें लागत नाहीं. तरीहि विचारावेंसें वाटतें: सुधाकराचा घात केवळ दारूनेंच केला काय?

सुधाकर बुद्धिमान् वकील आहे. स्वतःच्या कर्तृत्वावर तो वर आला आहे आणि म्हणूनच विलक्षण मानी आहे. न्यायालयांत मुन्सफाशीं त्याचा खटका उडतो व त्याची सनद कांहीं काळ रद्द होते. दुसरा एखादा ही मुदत मुकाट्यानें काढता. सुधाकरास तो अपमान सोसवत नाहीं. त्या जळत्या मनापुढें तळीराम पेला धरतो. पेला तळीरामाचा, तहान मात्र सुधाकराच्या अभिमानाची.

पुढें तो दारू सोडण्याचा निश्चय करतो. पण काम मागावयास गेला असतां त्याच्या वाट्यास अवहेलना येते, आणि पुन्हा तोच मानी स्वभाव त्याला पेल्याकडे लोटतो. पतीचा मान राखण्यासाठीं सिंधू माहेरच्या पैशास हात न लावतां दळण दळते. शेवटीं सुधाकराच्या हातून तान्हें मूल मरतें, घायाळ झालेली सिंधू मरणाच्या दारींहि त्याच्यावर आळ येऊं देत नाहीं, आणि तो स्वतः विष पिऊन जीवन संपवितो. एका पायरीवरून दुसरी पायरी आपोआप येते. ‘दैव आडवें आलें’ असें म्हणावयास फारशी जागाच उरत नाहीं.

येथें तळीरामाकडे पाहावें. तोहि दारूच पितो व दारूनेंच मरतो. परंतु त्याच्या प्रसंगीं आपण बहुधा हंसतों. पेला तोच, मग फरक कशाचा? तळीरामाजवळ गमावण्यासारखें थोर कांहीं नव्हतें. सुधाकराचा अभिमान मात्र त्याच्या मोठेपणाचाहि आधार होता. ज्या गुणानें मनुष्य उभा राहिला, त्याच गुणानें तो कोसळावा, यांतच शोकांतिकेचें मर्म आहे.

म्हणून दारू न पिणाऱ्या घरांनींहि हें नाटक दुसऱ्याचें मानूं नये. पेला घरांत नसेल. पण अपमान गिळतां न येणारें मन कोणत्या घरांत नाहीं?